साठ किलो वाळू

४ जून

चि. शहाण्यास,

आशीर्वाद. लहानपणी घरात सगळे तुला शहाणा म्हणायचे आणि तू ते मनावर घेतलंस, त्यामुळे आता दुसरं नाव शोधत बसत नाही.

पत्र लिहितेय, कारण फोनवर तू माझं एकही वाक्य पुरं होऊ देत नाहीस. "हं, हं, कळलं" म्हणतोस आणि कळलेलं काहीच नसतं. कागदाला निदान मध्येच बोलता येत नाही.

गेल्या गुरुवारी माझ्या हातून अपघात झाला. चौदा वर्षं मी या हॉस्पिटलात विजेची ओढगाडी चालवते, ते तुला माहीत आहेच. लाजेपायी तू तुझ्या मित्रांना 'ताई हॉस्पिटलात असते' एवढंच सांगतोस, तेही मला माहीत आहे. आम्ही तिला खेचर म्हणतो. मागे चार ट्रॉल्या लावायच्या, धुलाईघरातून धुतलेल्या चादरी घ्यायच्या, तळघराचा बोळ, मग चढ, मग काटकोनी वळण, की मुख्य इमारत. त्या वळणावर माझं स्टिअरिंग एकाएकी दगड झालं. समोर एक मामा स्ट्रेचर ढकलत येत होते, वर एक म्हातारी बाई झोपलेली. मी उभी राहून सगळा जीव लावून चाक ओढलं आणि खेचर औषधालयाच्या काचेच्या दारात घातलं. दार गेलं, आतलं एक कपाट गेलं. म्हातारीला ओरखडासुद्धा नाही. ती मला म्हणाली, "बाई, जरा हळू."

आमच्या मुकादमाने गाडी तपासली आणि 'स्टिअरिंग ठीक, चालकाची चूक' असं लिहून टाकलं. या माणसाला स्वतःच्या सायकलची साखळी बसवता येत नाही. पण कागदावर सही करताना काय तो ताठा. आता तीस तारखेला चौकशी आहे. वाहतूक अधिकारी म्हणतात, चूक सिद्ध झाली की मला धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायला पाठवतील, निवृत्तीपर्यंत. म्हणजे आठ वर्षं. इथे गाडी चालवणारी मी पहिली बाई आणि आजपर्यंतची एकटीच. मी गेले की "बघा, आम्ही म्हणत होतो" म्हणायला सगळे टपलेत.

आता मुद्दा. एप्रिलमध्ये आमच्या सहाही जुन्या गाड्यांना स्टिअरिंगच्या मोटरचे नवे डबे बसवले. डब्यावर तुमच्या कंपनीचं नाव आहे. चाक जड झालं त्याच्या आधी पायाखाली 'टक्' असा आवाज आला होता. मुकादम म्हणतो तो कॉन्टॅक्टरचा. तर हा कॉन्टॅक्टर केव्हा टक् करतो, ते मला चार ओळींत लिहून पाठव. फुशारकी नको, चार ओळी पुरेत.

आई बरी आहे. तुझी आठवण काढते. मी तिला कामात असेल म्हणून सांगते.

— ताई

९ जून

ती. ताईस,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. टोमणे वगळले तर त्यात विचारण्यासारखं एकच वाक्य आहे, त्याचं उत्तर देतो.

कॉन्टॅक्टर म्हणजे मोठं बटण. हाताने न दाबता विजेने दाबलं जाणारं. त्यात तारेचं वेटोळं असतं, त्याला वीज मिळाली की लोखंडी पट्टी खेचली जाते आणि बॅटरी स्टिअरिंगच्या मोटरला जोडली जाते. वेटोळ्याची वीज काढली की पट्टी सुटते आणि मोटर बंद. तुझा टक् तो हाच. किती विजेने खेचायचं, किती विजेवर धरून ठेवायचं, केव्हा सोडायचं, हे सगळं डब्यात आकड्यांनी ठरवता येतं. एक छोटं यंत्र जोडायचं आणि आकडे भरायचे. तुमच्या मुकादमासारख्यांनी त्याला हात लावू नये म्हणून आम्ही कुलूप घातलं आहे.

तुझ्या गाडीची नोंद मी इथे उघडून पाहिली. मे महिन्यात एकही बिघाड नाही. डबा खोटं बोलत नाही ताई, माणसं बोलतात. पन्नाशीला मनगटं दुखतात, डोळ्यांना चष्मा लागतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. डॉक्टर तर तुझ्या डोक्यावरच्या मजल्यावर बसतात.

राहिलं केव्हा सुटतो ते. तीनच कारणं. चावी बंद केली, बॅटरी बिघडली, किंवा चालक सीटवरून उठला. सीटखाली स्विच असतो, वजन गेलं की त्याला कळतं. पूर्वी उठल्यावर कॉन्टॅक्टर चार सेकंद थांबायचा. तो आकडा मी शून्य केला. तुम्ही लोक चावी तशीच ठेवून चहाला जाता, बॅटरी रिकामी होत राहते. माझ्या शून्यामुळे ती जास्त टिकते, आणि त्याबद्दल मला सगळ्यांसमोर प्रशस्तिपत्र मिळालं. टेबलावर सीट बांधून, दोरीने साठ किलो वाळूची पिशवी हजार वेळा उचलून ठेवून मी ते तपासलं आहे. हजार वेळा बरोबर.

मग तूच सांग, यातलं कुठलं कारण तुला लागू होतं? तू काय गाडी चालवताना उठून उभी राहतेस?

आईला नमस्कार सांग.

— तुझा भाऊ

१४ जून

चि. शहाण्यास,

हो. राहते.

तुझं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. तू ते मला हिणवायला लिहिलंस आणि त्यातच सगळं उत्तर देऊन बसलास.

वळणावर छताला एक गोल आरसा टांगला आहे, पलीकडून कोण येतंय ते दिसावं म्हणून. तो ज्यांनी लावला ते सगळे ताडमाड. मी चार फूट दहा इंच. सीटवर बसून मला त्या आरशात छताची ट्यूबलाइट दिसते, दुसरं काही नाही. "आरसा वाकवा" असं मी दोनदा लेखी दिलं. मुकादम म्हणाला, बाकी कुणाची तक्रार नाही. म्हणून चौदा वर्षं मी त्या वळणावर सीटवरून वीतभर उठते, आरशात बघते आणि बसते. चौदा वर्षांत खेचराने कधी कुरकुर केली नाही. एप्रिलनंतर दोनदा चाक क्षणभर जड झालं. मला वाटलं, माझाच हात भरून आला असेल. तू तर मनगटापासून चष्म्यापर्यंत सगळं सांगूनच टाकलंस.

काल जेवणाच्या सुट्टीत धुलाईघरातल्या एका बाईंना सोबत घेतलं. गाडी रिकाम्या अंगणात नेली, सावकाश चालवली आणि उठले. टक्. चाक दगड. बसले, पुन्हा टक्, चाक लोणी. पाच वेळा केलं, पाचही वेळा तसंच. आणि बाईंनी एक गोष्ट पाहिली, जी तुझ्या वाळूने पाहिली नसेल. मी उठल्यावर स्टिअरिंग तिथल्या तिथे मेलं, पण चाकं पळतच होती. बाईंनी मोजलं, पुरे दोन सेकंद. गाडी पळवणाऱ्या जुन्या मोटरचा डबा दुसऱ्या कुणाचा आहे, त्याने उठल्यावर दोन सेकंदांची मुदत ठेवली आहे. तू ठेवलीस शून्य. म्हणजे दोन सेकंद गाडी चालते आणि वळत नाही. मागे चार ट्रॉल्या असताना दोन सेकंद किती लांब असतात, ते तुला त्या टेबलावर कळायचं नाही.

यातलं सगळ्यात वाईट काय, सांगू? चाक जड झाल्यावर माणूस काय करतो? अंगाचा भार टाकायला आणखी उठतो. त्या दिवशी मी दातओठ खाऊन पूर्ण उभी राहिले होते. खाली बसले असते तर चाक लगेच सुटलं असतं. जितका जीव लावला तितकं ते माझ्या विरुद्ध गेलं.

आणि नोंद कोरी का, तेही मला कळलं. तुझ्या डब्याला हा बिघाड वाटतच नाही. तू सांगितलंस तसंच तर तो वागला.

आता सांग, असे शून्याचे किती डबे तू लोकांच्या गाड्यांत घातलेस? पत्रानेच कळव.

— ताई

१८ जून

ती. ताईस,

तू आणि धुलाईघरातल्या बाईंनी मिळून जे संशोधन केलंत ते वाचलं. कंपनीच्या मालावर असे प्रयोग करायची परवानगी तुला कुणी दिली?

एक गोष्ट नीट समजून घे. चालू गाडीत सीट सोडायची नाही, हा नियम आहे. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तकात सातव्या पानावर चौकटीत छापला आहे. पुस्तक वाचायची सवय आपल्या घरात मला एकट्यालाच होती, म्हणून आठवण करून देतो. नियम तू मोडलास. डब्याने नियम पाळला. दुसऱ्या कंपनीच्या मोटरने दोन सेकंद ठेवले असतील तर ते त्यांनी बघावं.

माझं नऊ तारखेचं पत्र परत पाठव. रजिस्टर्ड पोस्टाने. मी तुला घरातला माणूस म्हणून लिहिलं होतं, त्यात आमच्या आतल्या गोष्टी आहेत. पुढच्या महिन्यात विभागप्रमुखाची जागा भरायची आहे. मी आणि माझ्या शेजारच्या टेबलावरचा, असे दोघंच आहोत. तो दिवसभर माझ्या खांद्यावरून डोकावत असतो. ते पत्र चौकशीत गेलं तर त्याला आयतंच सापडेल. पंधरा वर्षं मी इथे मान मोडून काम केलं ते तुझ्या एका आरशासाठी घालवू?

धुलाईघरात काय वाईट आहे? सावली आहे, बसायला मिळेल. या वयात बायका असल्या गाड्या चालवत नाहीत. आईसाठीही बरं. तुला हवी तर चांगली खुर्ची मी पाठवतो.

किती डबे ते विचारू नकोस.

— तुझा भाऊ

२२ जून

शहाण्या,

घे तुझं पत्र. सोबत जोडलंय, झेरॉक्स काढलेली नाही. बाईंनी आग्रह केला होता, मीच नको म्हटलं. जाळ, नाहीतर प्रशस्तिपत्राच्या शेजारी चौकटीत लाव.

मला वाटलं होतं तू चुकलास. चुकण्याचा मला राग येत नाही, मी रोज चुकते. पण तू अठरा तारखेला जे लिहिलंस ते चुकून लिहिलेलं नाही. 'किती डबे ते विचारू नकोस.' म्हणजे तुला माहीत आहे. कुठेतरी दुसऱ्या हॉस्पिटलात, गोदामात, कारखान्यात माझ्याएवढी बुटकी कुणी बाई किंवा बुटका बाप्या आत्ता सीटवरून वीतभर उठत असेल. तिच्यासमोर कुठलं दार असेल, देव जाणे. दारच असलं तर नशीब.

तुझी वाळूची पिशवी हजार वेळा उठली आणि बसली. बरोबर आहे. पिशवीला वळण घ्यायचं नव्हतं. पिशवीला पलीकडून येणारी म्हातारी बघायची नव्हती. पिशवी घाबरून चाकावर भार टाकत नाही. एवढा शिकलास, आणि सीटवर बसणारा माणूस कसा असतो ते वाळूला विचारायला गेलास. आपल्या घरात पुस्तक तू एकट्यानेच वाचलंस, खरं आहे. तुझ्या फीसाठी मी नववीतून शाळा सोडून गोदामात लागले, तेव्हा वाचायचं राहूनच गेलं. हे मी आजवर कधी काढलं नव्हतं. आज काढतेय, कारण आज मला तुझी कीव येत नाही, किळस येते.

खुर्ची पाठवू नकोस. ती शेजारच्या टेबलावरच्याला दे, तुझ्या खांद्यावरून बघून बघून त्याची मान दुखत असेल.

चौकशीत मी माझं म्हणणं माझ्या तोंडाने सांगेन. ते ऐकतील असं मला वाटत नाही. घड्या घालायला लावल्या तर घालेन, चादरीची घडी मला तुझ्यापेक्षा नीट येते. पण तुझ्या पत्राच्या जोरावर मला माझी गाडी नको. तुझं मला आता काहीच नको.

आई विचारत होती, तिला काय सांगू ते तूच ठरव.

— ताई

२६ जून

ताई,

पत्र मिळालं. जाळायला म्हणून खिशात घातलं होतं.

काल जेवणाच्या सुट्टीत मी चाचणीच्या शेडमध्ये गेलो. तिथे ग्राहकांना दाखवायला ठेवलेली एक जुनी ओढगाडी आहे, तुझ्याकडच्यासारखी. पंधरा वर्षांत मी तिच्यावर कधी बसलो नव्हतो. हे वाचून तुला जे म्हणायचं ते म्हण. मागे दोन रिकाम्या ट्रॉल्या लावल्या, सीट अगदी खाली घेतली आणि तू उठतेस तसा वळताना वीतभर उठलो.

टक् झालं. चाक अडलं. समोर रिकाम्या खोक्यांची रास होती. मला सगळं माहीत होतं ताई. शून्य माझ्याच हाताने भरलेलं, बसलो की सुटेल हे तू लिहिलेलं, पत्र खिशात. तरी मी बसलो नाही. आणखी उठलो. दोन्ही पाय रोवून चाकाला लोंबकळलो आणि खोक्यांत जाऊन घुसलो. शेडमधला पोऱ्यासुद्धा हसला नाही, इतका माझा चेहरा पडला असावा.

डबे एकशे अठ्ठ्याऐंशी आहेत.

आमच्या मोठ्या साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "चालकाने नियम मोडला असं दोन ओळींत कळव आणि मिटव. आकडा हळूच बदलून टाकू." अगदी माझ्या अठरा तारखेच्या पत्राचा सूर. मी तेव्हा किती घाणेरडा दिसत असेन, ते त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं.

मी लेखी दिलं आहे. शून्य माझा, टेबलावरची तपासणी अपुरी, एकशे अठ्ठ्याऐंशी ठिकाणी लगेच कळवावं, आणि नवा आकडा मोटरच्या मुदतीपेक्षा नेहमी जास्त असावा, चार. चौकशीला नऊ तारखेचं पत्र मूळ प्रत म्हणून जोडतो आहे, त्यातल्या तुझ्या मनगटाच्या आणि चष्म्याच्या वाक्यांसकट. खोडाखोड केलेली नाही. तीस तारखेला मी स्वतः येतो, यंत्र घेऊन. सहाही गाड्यांचे आकडे मीच बदलेन.

फीबद्दल मला माहीत नव्हतं असं लिहिणार होतो. माहीत होतं.

तरीही, चालत्या गाडीत उठणं चूकच.

— भाऊ

३ जुलै

चि. शहाण्यास,

आशीर्वाद. तीस तारखेला तू समोर होतास तेव्हा मी बोलले नाही, म्हणून लिहितेय. सगळ्यांच्या देखत रडले असते तर मुकादमाला वर्षभर पुरलं असतं.

निकाल लागला. खेचर माझ्याकडे राहिलं. वर एक ताकीद दिली, सीटवरून उठल्याबद्दल. त्याच कागदावर खाली आरसा वाकवायचा हुकूम. एवढी अक्कल एका कागदावर मावली, हेही नसे थोडके.

तू गेल्यावर धुलाईघरात दोन दिवस एकच विषय. वाहतूक अधिकारी "नियम म्हणजे नियम" म्हणत टेबल ठोकत होते, तेव्हा तू नम्रपणे म्हणालास, "साहेब, एक फेरी मारा, सीट मात्र ताईंच्या मापाची ठेवतो." आपल्याला वाटायचं अधिकारी उंच आहेत. तो माणूस नुसता पायांनी उंच आहे रे, बसला की माझ्याएवढा. वळणावर आला, आरशात ट्यूबलाइट दिसली आणि कुणी न सांगता उठला. आकडे बदलायचं तू मुद्दाम नंतरवर ठेवलं होतंस, गाडी अजून शून्यावरच होती, हे मला मागून कळलं. वळणावर रचून ठेवलेल्या मळक्या चादरींच्या गठ्ठ्यांत ते कमरेपर्यंत गेले तेव्हाही उभेच होते, चाक घट्ट धरून. नियम सातव्या पानावर आहे म्हणून मुकादमाने त्यांना आठवण करून दिली. मुकादमाचं आयुष्यातलं पहिलं उपयोगी वाक्य.

मग इस्त्रीचा शर्ट घालून तू सहा गाड्यांखाली पाठीवर सरपटलास. बाई म्हणाल्या, "तुमच्यासारखाच हट्टी दिसतो." मी म्हटलं, छे, आमच्यात तसं कुणी नाही.

शेवटच्या गाडीवर तू मला उठायला सांगितलंस. मी उठले, तू मोजत होतास. एक, दोन, तीन, चार, मग टक्. तोवर गाडी कधीच थांबली होती. तुझा आवाज तिसऱ्याला फुटला, ते मी ऐकलं. तुझ्यावरची किळस तिथे संपली. राग आहे अजून, तो पुरवून वापरीन.

विभागप्रमुखाची जागा शेजारच्या टेबलावरच्याला गेली आणि तुला तक्रारींच्या टेबलावर बसवलं, असं आईकडून कळलं. तिला तू फोन केलास म्हणे, पाऊण तास. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू, थोडं बरंही वाटलं. आता दिवसभर लोकांची वाक्यं पुरी ऐकावी लागतील तुला.

आणि पुढच्या वेळी काही तपासायचं असलं तर त्या पिशवीतली वाळू झाडांना घाल आणि मला बोलाव. मी त्रेचाळीसच किलो भरते, पण वळणावर बघायला उठते.

रविवारी फोन कर. मध्ये बोललास तर ठेवून देईन.

— ताई